आर्डिथ, कॉफी बघ

आयोवातल्या आमच्या हॅस्किन गावात आर्डिथ मल्डरइतके बास्केटबॉलचे सामने कुणीच पाहिलेले नाहीत, आणि तिच्याइतके सामने अर्ध्यावर सोडून कुणी उठलेलंही नाही. अमुक सालच्या त्या चुरशीच्या सामन्याचा शेवट कसा झाला, असं तिला विचारलं तर ती सांगते, "मला काय विचारता? मी कॉफी बघत होते."

मी पूर्वाश्रमीचा नट. फिरत्या कंपनीबरोबर गावोगाव हिंडलो, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर बहिणीचं गाव म्हणून हॅस्किनला आलो तो इथलाच झालो. रंगमंचावरून मी नाना परींनी बाहेर पडलो आहे. मरून, रुसून, तलवार उपसून. एकदा तर दरवाजाच उघडेना म्हणून खिडकीतून. पण आर्डिथला बाहेर पडताना जशी टाळी मिळते, तशी मला आयुष्यात एकदाही मिळाली नाही.

ते असं होतं. कॉलेजच्या जिममध्ये सामना शेवटच्या चार मिनिटांवर येतो. दोन-चार गुणांचा फरक. विद्यार्थ्यांच्या बाजूने लाकडी पायऱ्यांवर पाय आपटायला सुरुवात होते आणि मग एका सुरात गजर उठतो, "कॉफी! कॉफी!" आर्डिथ घाई करत नाही. हातातलं हिरवं-पांढरं विणकाम गुंडाळते, सुया लोकरीच्या गुंड्यात खोचते आणि शेजाऱ्याच्या, म्हणजे माझ्या, खांद्यावर हात टेकून उठते. एकेक पायरी उतरते. पंचसुद्धा शिट्टी तोंडात धरून थांबतो. दारापाशी पोहोचली की मागे न बघता ती एक हात वर करते आणि अख्खी जिम उभी राहते. दार मिटलं की मग खेळ पुढे सुरू.

या प्रकाराला सुरुवात झाली तेव्हा ती चाळिशीच्या आतबाहेर होती. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये चाहत्या मंडळाचं कॉफीचं टेबल असायचं आणि विजेवर कॉफी उकळणारं मोठं पिंप हिच्या ताब्यात. एका फेब्रुवारीत आमच्या कॉलेजच्या मुली अकरा गुणांनी मागे पडल्या होत्या. कुठून तरी करपट वास आला आणि मागच्या रांगेतून हार्लन ब्रून्स ओरडला, "आर्डिथ, कॉफी बघ!" ती गेली, पिंप बंद करून, सांडलेलं पुसून परत आली, तोवर आम्ही सामना जिंकलेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तशीच वेळ आली. हार्लनने गंमत म्हणून पुन्हा हाक मारली आणि आम्ही पुन्हा जिंकलो. तिसऱ्या वेळेपासून ती गंमत राहिली नाही, गावचा कायदा झाला. ती बाहेर जाऊनही आम्ही हरलो, असे सामने रग्गड आहेत. पण त्यांचा निवाडा गावाने केव्हाच केला आहे. त्या दिवशी आर्डिथ उशिरा उठली. किंवा फार लवकर उठली. किंवा दारातून मागे वळून बघितलं.

आर्डिथ जन्मली गावाबाहेरच्या शेतावर, सात भावंडांतली पाचवी. गेरिट मल्डरने लग्नाआधी तिला पहिल्यांदा कुठे नेलं असेल तर याच जिममध्ये, कारण हिवाळ्यात चार लोकांच्या देखत बसता येईल अशी उबदार जागा गावात तेवढीच. गेरिट दुधाचा टँकर चालवायचा आणि शब्द जपून वापरायचा. ती म्हणते, "त्याने मला मागणी घातली ती मध्यंतरात, आणि माझं उत्तर ऐकून घेतलं ते सामना संपल्यावर." पुढे ती प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. खिमा आणि घेवड्याची झणझणीत चिली, सोबत दालचिनीचा गोड रोल, हे तिच्या हातचं जेवण खाऊन अर्धं गाव वाढलं, त्यामुळे कुणालाही बोलायचा हक्क तिच्याकडे आपोआप आला. बँकेचा मॅनेजर फार मोठाले शब्द झाडायला लागला की ती चारचौघांत त्याला म्हणते, "तू तर गाजरं शेजारच्याच्या ताटात टाकायचास." मुलगा डेन्व्हरला असतो. नाताळात येतो, आणि नाताळात कॉलेजला सुट्टी असते, म्हणून त्याच्याशी बोलायला तिला फुरसत मिळते. गेरिट गेला त्या हिवाळ्यातही तिने सामना चुकवला नाही. घरी बसून त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघण्यापेक्षा इथे बरं, असं तिने सांगितलं आणि विणायला घेतलं.

शेवटची चार मिनिटं ती कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालते. तिथे एक पाण्याचा नळ आहे, जुन्या ढालींचं कपाट आहे आणि आतला आवाज आहे. त्या आवाजावरून तिने सामना ओळखायला शिकून घेतलं. पायऱ्या दणाणल्या की आपली बास्केट. उसासा उठला की आपली हुकली. चिडीचूप झालं की त्यांची. तिचा कान इतका तयार की दार उघडून आत येताना तिचा चेहरा निकालाला साजेसाच असायचा. नटांना हे जमवायला वर्षं लागतात.

यंदा आमच्या मुलींनी कमाल केली. छोट्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत एकेक संघ लोळवत त्या शेवटच्या आठात पोहोचल्या. कॉलेजच्या संघाचं नाव 'बगळे', आणि बगळ्यांनी एवढी झेप कधीच घेतली नव्हती. तो सामना विस्कॉन्सिनला, समोरच्यांच्याच जिममध्ये होता. आम्ही दोन बस भरून गेलो. चार मिनिटं उरली, बरोबरी झाली आणि आम्ही सगळे "कॉफी" म्हणून ओरडायला लागलो. यजमानांपैकी एक भली बाई खरोखरच कागदी पेले घेऊन आली. आर्डिथ उठली. तिथला कॉरिडॉर माणसांनी गच्च भरला होता, म्हणून ती सरळ बाहेर गेली, गाड्या उभ्या होत्या तिथे, बर्फात.

आणि तिथे तिची फसगत झाली. तिचा कान आमच्या जिममध्ये तयार झालेला. परक्या घरी गर्जना म्हणजे आपलं मरण, एवढं तिला कळत होतं. अगदी शेवटाला आतून भिंती हादरवणारी गर्जना आली. तिने ओळखलं, हरलो. ओळखलं ते त्या क्षणापुरतं बरोबरही होतं, कारण त्यांनी बास्केट करून आघाडी घेतली होती. पण त्यानंतर मोजकेच क्षण उरलेले असताना आमच्या जॉसलिन राइमर्सने अर्ध्या कोर्टावरून चेंडू फेकला आणि तो आत गेला. मग ओरडलो ते फक्त आम्ही दोन बसभर लोक. तेवढा आवाज त्या भिंतींबाहेर काही गेला नाही. आर्डिथ कुणाच्या तरी ट्रकला टेकून मनसोक्त रडली, डोळे पुसले आणि मुलींची समजूत घालायचा चेहरा करून आत आली. आत सगळे नाचत होते.

परतीच्या बसमध्ये तिने प्रत्येकाला विचारलं, शेवट नक्की कसा झाला? हार्लन म्हणाला, जॉसलिन डाव्या बाजूला होती. त्याची बायको म्हणाली उजव्या. कुणी म्हणालं चेंडू रिंगला शिवलाच नाही, कुणी म्हणालं दोनदा आपटून आत गेला. मी तर दोन रांगांच्या मधे उभा राहून सगळा प्रवेश करून दाखवायला लागलो, तर ती म्हणाली, "लेस्टर, बस खाली, पडशील." त्यानंतर आयोवाची हद्द येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

त्या सोमवारी चर्चच्या तळघरात संघाला निरोपाचं जेवण होतं. शुक्रवारी इंडियानात राष्ट्रीय उपांत्य सामना. चर्चच्या दारातल्या पाटीवर पाद्रीबुवांनी लिहून ठेवलं होतं, 'देव कुणाचीही बाजू घेत नाही. चला, बगळ्यांनो!' उपांत्य सामना आपण जिंकणार याबद्दल कुणाच्या मनात शंकाच नव्हती. वाद चालला होता तो अंतिम सामन्यानंतरची मिरवणूक बँकेपासून काढायची की धान्याच्या कोठारापासून, यावर. कोठाराच्या बाजूने बोलणारे जास्त होते, कारण तिथे ट्रॅक्टर वळवायला जागा आहे.

हार्लन आता चाहत्या मंडळाचा अध्यक्ष. बियाणांचं दुकान आहे त्याचं, आणि सगळं आधीपासून ठरवून ठेवायची सवय. तो चमचा पेल्यावर वाजवत उभा राहिला आणि बसच्या वेळा सांगून झाल्यावर म्हणाला की, तिकडचं स्टेडियम मोठं आहे, भलतीकडे हरवायला नको, म्हणून त्याने फोन करून आर्डिथसाठी जिन्याजवळ एक खुर्ची ठेवायला सांगितली आहे. शेवटच्या चार मिनिटांसाठी. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आर्डिथने वाटी बाजूला सारली.

"हार्लन, त्या खुर्चीवर तू बस. मी शुक्रवारी उठणार नाही."

मी पडलेली नाटकं पाहिली आहेत, पण एवढ्या माणसांनी एकदम घास थांबवलेला कधी पाहिला नव्हता. हार्लनला आधी ती थट्टाच वाटली. मग तो तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "अगं आर्डिथ, पोरींचा विचार कर."

"पोरींचाच करतेय. जॉसलिनला ती एवढीशी होती तेव्हापासून जेवू घातलंय मी. तिचं हे शेवटचं वर्ष. तिचा सामना कसा संपला ते मी पुन्हा तुझ्या तोंडून ऐकणार नाही. तुला डावं-उजवं कळत नाही."

लोक हसले, पण आधाराला काहीतरी हवं म्हणून हसल्यासारखे. खेळाडू मुली कोपऱ्यातल्या टेबलाभोवती बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. जॉसलिन आपल्या मोज्यांकडे बघत होती. हंगाम सुरू झाल्यापासून शकुनाचे म्हणून तेच मोजे ती घालते, हे गावाला माहीत आहे.

पुढचा दीड दिवस आर्डिथच्या दारात रीघ लागली. कुणी घरी भाजलेला अ‍ॅपल पाय घेऊन आलं, कुणी लोणच्याची बरणी. जाताना प्रत्येकजण उंबऱ्यात घुटमळायचा आणि तोच विषय काढायचा. पाद्रीबुवांनी आधी अंधश्रद्धेविरुद्ध चार शब्द सांगितले आणि मग आवाज उतरवून म्हणाले की, तरी हा एवढा एक सामना... हार्लनच्या बायकोने सुचवलं की सगळा सामना फोनवर टिपून ठेवतो, मग सावकाश शेवट बघ. त्यावर आर्डिथ म्हणाली, "गेरिटचा फोटो आहे माझ्याकडे. म्हणून गेरिट आहे का?"

सगळ्यांसमोर ती अशी ताठ. पण मी बरण्या उचलून फडताळात ठेवायला मदत करत होतो तेव्हा तिने पाठमोरीच विचारलं, "आणि खरंच हरल्या तर, लेस्टर? जन्मभर माझ्याकडे बघतील ना सगळे?" मी पुढची बरणी उचलली आणि तिचं झाकण उगाच घट्ट केलं.

बुधवारी दुपारी कोच पॉलीननी शेवटचा सराव सगळ्यांसाठी खुला ठेवला. शाळा लवकर सुटली, दुकानं बंद झाली, गाव जिममध्ये. कोचनी फलकावर चार मिनिटं लावली आणि राखीव मुलींना पाच गुणांची आघाडी देऊन टाकली. म्हणजे मुख्य संघाने शुक्रवारी वेळ आलीच तर कसं भरून काढायचं, त्याची ही तालीम. कोचनी हे मुद्दाम केलं की सहज, ते त्याच जाणोत.

शिट्टी झाली. सवयीने दोन-चार पाय आपटले. एक आवाज "कॉ" एवढाच आला आणि तिथेच विरला. आर्डिथ बसून राहिली. विणकाम पिशवीत, हात मांडीवर. कोर्टाकडे बघणारी जिममध्ये ती एकटीच असावी, कारण बाकी सगळं गाव तिच्याकडे बघत होतं.

मुख्य संघाने तीन गुण भरून काढले. मग अडखळला. पुन्हा उचल घेतली. शेवटाला एका गुणाचा फरक आणि चेंडू जॉसलिनच्या हातात. तिने तो छान फेकला. चेंडू रिंगवर एक गिरकी घेऊन, विचारात पडल्यासारखा थांबला आणि बाहेर पडला. भोंगा वाजला. राखीव मुलींनाही आनंद करायचा धीर झाला नाही.

हार्लनने टोपी काढून तोंडावर धरली. सगळ्यांच्या माना आमच्या रांगेकडे वळल्या. आर्डिथ माझ्या खांद्यावर हात टेकून उठली, आणि दाराकडे न जाता सरळ कोर्टावर गेली. तिच्या जाडजूड बुटांनी त्या चकचकीत लाकडी जमिनीवर कधी पाऊल टाकलं नव्हतं. जॉसलिन गुडघ्यांवर हात ठेवून उभी होती. मी मागोमाग गेलो होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"सॉरी, मिसेस मल्डर," पोरगी म्हणाली. "तुम्ही बघत होतात आणि मी..."

"तू हात वर केलास."

"काय?"

"चेंडू मागायला. दोन जणी तुला घेरून होत्या, तरी हात वर करून मागितलास. विस्कॉन्सिनलाही मागितला होतास?"

"हो. शेवटच्या मिनिटांत मी नेहमीच मागते."

"मला कुणीच सांगितलं नाही," आर्डिथ म्हणाली. "चेंडू कुठून गेला, रिंगला कितीदा लागला, सगळं सांगितलं. हे नाही सांगितलं. शाळेत दुसरा रोल हवा असला तरी तू कधी मागायची नाहीस. ताट हातात धरून नुसती उभी राहायचीस, आणि मी ओळखून वाढायचे. तू मागायला कधी शिकलीस, ते मी कॉरिडॉरमध्ये असताना घडून गेलं."

जॉसलिनने मनगटाने नाक पुसलं. मग म्हणाली, "मला वाटत होतं, तुमच्यासमोर चुकले तर मेलेच. आता चुकले. मग झालं. तुम्ही शुक्रवारी बसा."

मुलीचं समाधान झालं, पण गावाचं? गाव अजून पायऱ्यांवर मुकाट बसलं होतं. चाळीस वर्षांची श्रद्धा नुसत्या समजुतीने जात नाही, तिला बदली श्रद्धा द्यावी लागते, हे मी कंपनीत शिकलो होतो. म्हणून मी तिथेच वळलो, छाती भरून घेतली आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचा तो जुना आवाज काढला.

मी सांगितलं की नाटकवाल्यांचा एक पक्का नियम आहे. रंगीत तालीम चोख झाली की आम्ही घाबरतो. तालमीत दाढी निघून पडली, तलवार मोडली, नायिका प्रवेश विसरली, की आमचा म्हातारा मॅनेजर हात चोळत फिरायचा, कारण मग पहिला प्रयोग रंगणार म्हणजे रंगणारच. चूक तालमीत खर्च झालेली असते. आज आर्डिथ बसली आणि आपण हरलो, याहून भली तालीम आपल्याला मागूनही मिळाली नसती. आता शुक्रवारी ती उठली, तर मात्र ही सगळी हार फुकट गेली.

हार्लनने टोपी खाली घेतली. "हे खरं आहे का रे?"

"उभ्या आयुष्यात खोटं ठरलेलं पाहिलं नाही."

"एकदाही नाही?"

"जिथे प्रयोग पडला, तिथे तालीम पुरेशी वाईट झाली नव्हती."

हा युक्तिवाद आमच्या गावाला लगेच पटला. या जातीच्या युक्तिवादावरच तर गाव इतकी वर्षं चाललं होतं. पायऱ्यांवर कुजबुज झाली, मग मान डोलावणं, मग हसू. कोणीतरी राखीव मुलींना उद्देशून "शाब्बास, काय हरवलंत!" असं म्हणालं, आणि त्या बिचाऱ्यांना पहिल्यांदाच एवढ्या टाळ्या मिळाल्या. पाद्रीबुवांनी मान हलवली, पण टाळ्या त्यांनीही वाजवल्या. बाहेर पडेपर्यंत लोक पुन्हा मिरवणुकीवर आले होते. बँकवाल्यांनी हार मानली, कोठार ठरलं.

हार्लनच्या मनाला मात्र अजून एक टोचणी होती. बाहेर कुणीच गेलं नाही, असं कसं चालेल? गुरुवारी सकाळी बस सुटली आणि तो सामन्याची तिकिटं वाटत वाटत आमच्यापर्यंत आला. आर्डिथला त्याने मधली जागा दिली, मला तिच्या शेजारची, आणि कडेचं तिकीट स्वतःकडे ठेवलं. विचारलं तेव्हा म्हणाला, वेळ पडलीच तर मी जाईन जिन्याजवळ, खुर्ची तर सांगून ठेवलेलीच आहे. त्याची बायको म्हणाली, जा, पण परत आल्यावर शेवट कसा झाला ते मला विचारू नकोस.

बस मोकळ्या शेतांमधून निघाली. कापलेल्या मक्याची खुंटं बर्फातून डोकं वर काढू लागली होती. पुढे मुलींच्या बसच्या काचेवर कुणीतरी हिरव्या रंगात बगळा काढला होता. तो बदकासारखा दिसत होता, पण जिंकणाऱ्या बदकासारखा. आम्ही शुक्रवारी जिंकणार. मी हे तिथे बसल्या बसल्या मोठ्याने म्हणालो आणि कुणीही मला दृष्ट लागेल म्हणून गप्प केलं नाही.

आर्डिथ बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसली होती. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "एक विचारू? शेवटच्या चार मिनिटांत तुम्ही लोक हातांचं काय करता?"

मी म्हणालो, ते कुणालाच कळत नाही. मी आपला शेजारच्याचा हात धरतो.

"मग माझा धर," ती म्हणाली. "पण दाबू नकोस. संधिवात आहे."